अरबैल घाटात गिअर मागताना

‘शिंदे, गाडी परत घ्या. नाहीतर ग्राहक मंचात भेटू.’

पाटणकर वकिलांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. धारवाडचे लोक आपटत नाहीत, त्यामुळे त्यांचा राग जास्त महागात पडतो. आपटणाऱ्या माणसाला चहा पाजून शांत करता येतं.

‘झालं काय, वकीलसाहेब?’

‘गिअरबॉक्स गेलाय. कंपनीच्या वर्कशॉपचा रिपोर्ट आहे. पूर्ण बदलायला सांगितलाय.’

हुबळीत माझं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. वापरलेल्या गाड्या घ्यायच्या, तपासायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या. माझे वडील दुर्गदबैलच्या बाजारात हातगाडीवर कापडाचे तागे ओढायचे. मी दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्या धुण्यापासून सुरुवात केली. आज माझ्याकडे जे काही आहे ते घासाघीस करून मिळवलेलं आहे. तोंड फटकळ आहे, हेही सांगून टाकतो. पण विकलेल्या गाडीचा गिअरबॉक्स गेला असं आजवर कुणी माझ्या तोंडावर म्हणालं नव्हतं. आणि म्हणणारे पाटणकर वकील होते. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत ते धारवाडात सुभाष रोडच्या सगळ्या दुकानांत पोचलं असतं. माझ्या धंद्यात गाडीपेक्षा शब्द विकला जातो. तो एकदा खोटा ठरला की यार्डाला कुलूप.

मी रिपोर्ट बघितला. खाली सही बसवराजची.

ती सही मी दोनदा वाचली. बसवराज म्हणजे माझा जुना पार्टनर. आम्ही दोघांनी मिळून हे यार्ड उभं केलं. मग एक दिवस त्याला कंपनीच्या वर्कशॉपची नोकरी मिळाली आणि तो गेला. नोकरीला माझी हरकत नव्हती. पण मला ही गोष्ट त्याच्या तोंडून नाही, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून कळली. ते मी अजून विसरलेलो नाही. पुढे आमची निम्मी गिऱ्हाइकं सर्व्हिसिंगला त्याच्याकडे जायला लागली. आता त्याच माणसानं माझ्या गाडीचा गिअरबॉक्स मेला म्हणून लिहून दिलं होतं.

‘तक्रार काय आहे, ती तुमच्या शब्दांत सांगा,’ मी म्हणालो.

वकिलांनी उलटतपासणी घेतल्यासारखी तक्रार मांडली. गाडी साध्या रस्त्यावर उत्तम चालते. पण घाटात मॅन्युअल मोडला टाकली की प्रत्येक गिअरला धक्का मारते. चढावर मध्येच जोर सोडते. काहीतरी जळाल्याचा वास येतो. मागच्या वेळी स्क्रीनवर गिअरबॉक्स गरम झाल्याचा इशारा आला, आणि त्यानंतर गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. कुमठ्याला मुलीकडे जायचं होतं. वाटेत थांबावं लागलं. वहिनी त्या दिवसापासून गाडीत बसायला तयार नाहीत.

‘आणि शिवाय,’ ते म्हणाले, ‘मागितलेला गिअर देत नाही. मी दुसरा मागतो, तर टुंग असा आवाज करते आणि गप्प बसते. पैसे मी भरले, गाडी माझी, आणि गिअर तिच्या मर्जीचा?’

इथे थोडं थांबून गिअरबॉक्स समजावून सांगतो. त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

साध्या गाडीत क्लच दाबायचा, हातानं गिअर बदलायचा, क्लच सोडायचा. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नाही. त्याऐवजी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचं डबडं असतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो. दोघांमध्ये काहीही जोडलेलं नसतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्या पंख्यावर आदळतं, तो फिरतो आणि जोर चाकांकडे जातो.

त्याच्या मागे गिअर. मध्ये एक चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरून एक दातेरी कडं. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी रचना. यातलं कुठलं चाक धरून ठेवायचं आणि कुठलं मोकळं सोडायचं, यावर गिअर ठरतो. धरायचं काम तेलाच्या दाबानं होतं. तेलानं कुठल्या वाटेनं जायचं, ते व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. आणि व्हॉल्व्ह बॉडीला हुकूम देतो कॉम्प्युटर.

पहिली व्हॉल्व्ह बॉडी उघडलेली बघितली तेव्हा बसवराज माझ्याबरोबर होता. ताटाएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा, आणि त्यात कोरलेल्या तेलाच्या वाटा. वळणं, बोळ, बंद गल्ल्या, एकीतून दुसरीत निघणाऱ्या फटी. वरून बघितलेलं दुर्गदबैल म्हणा ना. इतक्या गर्दीत तेल चुकत कसं नाही, हे आम्हाला कळेना. आम्ही दोघं यार्डाच्या दारात उकिडवे बसून बघत राहिलो. समोरचा चहा गार झाला. शिकलेले लोक देवळात हात जोडतात तसे मी त्या तुकड्याला हात जोडले होते. बसवराज हसला नव्हता.

असो.

आता मॅन्युअल मोड. थोड्या दमदार, स्पोर्टी एसयूव्हीमध्ये ऑटोमॅटिकच्या दांड्याला बाजूला एक खाच असते. दांडा त्या खाचेत ओढला की वर-खाली अधिक आणि उणे अशा खुणा. काही गाड्यांत स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्याही असतात. अधिक म्हणजे वरचा गिअर, उणे म्हणजे खालचा. गिऱ्हाइकाला वाटतं, आता गाडी आपल्या हातात आली. तसं नसतं. दांडा गिअरला जोडलेला नसतोच. तुम्ही फक्त मागणी करता. बदलायचा की नाही, ते गिअरबॉक्स ठरवतो. वकिलांनी गाडी घेतली तेव्हा हे मी त्यांना सांगितलं होतं. डावा पाय विसरून जा, हेही सांगितलं होतं. पण गाडी घेताना माणूस कान घरी ठेवून येतो.

मी गाडी रॅम्पवर चढवली आणि गिअरबॉक्समधलं थोडं तेल काढलं. चांगलं तेल तांबडं असतं. जळालेलं काळं पडतं आणि त्याला करपलेल्या फोडणीसारखा वास येतो. हे तेल जरा गडद झालं होतं, पण करपलेलं नव्हतं. बोटावर चोळून बघितलं. लोखंडाचा कीस नाही. आतली चाकं झिजली असती तर तेलात चमक दिसली असती.

‘गिअरबॉक्स जिवंत आहे,’ मी म्हणालो.

‘मग रिपोर्ट खोटा?’

‘रिपोर्ट आळशी आहे.’

मी वकिलांशी सौदा केला. गाडी कुमठ्याच्या वाटेवरच्या अरबैल घाटात न्यायची. आधी मी चालवणार, मग ते. दोष दिसला आणि मला तो सापडला नाही तर गाडी मी परत घेणार, एक शब्द न बोलता.

‘एक शब्द न बोलता? तुम्ही?’ वकील म्हणाले.

‘बरं, थोडं बोलेन. पण गाडी घेईन.’

‘आणि दोष नाही हे कोण ठरवणार? तुम्हीच?’

‘तुम्ही सुचवा.’

‘ज्यानं रिपोर्ट दिला तो माणूस बरोबर पाहिजे.’

तिथे मी अडकलो. बऱ्याच दिवसांनी बसवराजला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

‘हेळ्री अण्णा,’ तो म्हणाला. सांगा अण्णा. जसं काही कालच आम्ही एकत्र जेवलो होतो.

‘रिपोर्ट कसला दिलायस रे? गिअरबॉक्स उघडून बघितलास का?’

‘आमच्याकडं उघडत नाहीत अण्णा. कॉम्प्युटरवर गरम झाल्याचा कोड आला, तेही पुन्हा पुन्हा आला, की अख्खी असेंब्ली बदला असं लिहायचं. कंपनीची पद्धत आहे.’

‘पद्धत! तुझ्या पद्धतीपायी माझं यार्ड बंद पडायची वेळ आली. मुद्दाम केलंयस तू.’

‘सिट्टागबॅड्री अण्णा,’ तो म्हणाला. रागावू नका. ‘येतो मी. तुमच्याच गाडीत बसतो, मागं.’

‘माझ्याबरोबर एका गाडीत तू बसायचं नाहीस. तुझी गाडी घेऊन मागून ये.’

वकील ऐकत होते. ‘अरे, एवढ्या मोठ्या गाडीत तीन माणसं मावत नाहीत का?’

‘मावतात,’ मी म्हणालो. ‘पण हा नाही मावत.’

सकाळी निघालो. मी स्टिअरिंगवर, वकील शेजारी, बसवराज त्याची छोटी गाडी घेऊन मागे. कलघटगी मागे पडलं. यल्लापूरला डोसा खाल्ला. बसवराज दुसऱ्या टेबलावर बसला. वकिलांनी त्याला हाक मारली, मी ताटात बघत राहिलो.

यल्लापूर सोडल्यावर झाडी दाट होते आणि पुढे रस्ता एकदम खाली सुटतो. अंकोल्याकडे जाणारे, येणारे ट्रक दिवसभर. उतारावर ट्रकच्या ब्रेकचा वास झाडीत भरून राहिलेला असतो. घाटाच्या वरच्या टोकाला मी दांडा खाचेत ओढला आणि मॅन्युअल मोडला गेलो. चौथा, तिसरा, दुसरा, परत तिसरा. लोण्यातून सुरी फिरावी तसे गिअर पडत होते. धक्का नाही, वास नाही. काही वळणं उतरून मी गाडी बाजूला घेतली.

‘काय दोष आहे?’

‘तुमच्या हातात बरी चालते,’ वकील म्हणाले. ‘म्हणजे तुम्हाला काहीतरी युक्ती माहीत आहे आणि ती तुम्ही मला सांगितलेली नाही.’

‘तुम्ही चालवा.’

ते बसले. आरसे लावले, पट्टा बांधला. पूर्वी त्यांच्याकडे एक जुनी जीप होती, वकिली सुरू केल्यापासूनची. घाट, नाले, पक्षकारांची शेतं, सगळीकडे तिनंच फिरले. त्यामुळे हात तयार होता. गाडी सफाईनं रस्त्यावर आली. दांडा खाचेत. उणे. आणि गाडीनं धक्का दिला.

माझी मान पुढे गेली.

‘बघितलंत?’ वकील विजयानं म्हणाले.

पुढच्या वळणाला उणे. पुन्हा धक्का. मी डोळे फाडून स्क्रीनवरचा गिअरचा आकडा बघत होतो. आकडा बरोबर बदलत होता. कान इंजिनाकडे लावले. आवाज बरोबर होता. तरी प्रत्येक वेळी गाडी कुणीतरी शेपूट धरल्यासारखी अडखळत होती. माझ्या हातात आली नाही ती गोष्ट त्यांच्या हातात येते, म्हणजे दोष गाडीत आहे की माणसात? पण त्यांचा हात तर मी बघत होतो. हात बरोबर चालला होता.

घाट संपला. खाली सपाटीवर गाडी वळवून घेतली.  मनात मी गाडी परत घेऊन टाकली होती. उद्या धारवाडात कोण काय म्हणेल, त्याचे आवाजही ऐकू यायला लागले होते.

चढ सुरू झाला. मॅन्युअल मोड, तिसरा गिअर. पुढे कंटेनर रांगत चाललेला. वकिलांनी दुसरा घेतला. धक्का. ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी जोर धरेना. इंजिन घुमत होतं, गाडी मात्र जड झाली होती. दोन वळणं गेली आणि तो वास आला.

‘हाच,’ वकील म्हणाले. ‘हाच तो वास.’

तेवढ्यात मागून बसवराज हेडलाइट मारायला लागला. एकदा-दोनदा नव्हे, सतत. मग हॉर्न.

‘याला ओव्हरटेक करायचंय,’ मी म्हणालो. ‘घाटात! बघा हा माणूस.’

पण तो ओव्हरटेक करत नव्हता. हात बाहेर काढून थांबा म्हणत होता. पुढे रुंद जागा होती, तिथे वकिलांनी गाडी घेतली. बसवराज धावतच आला आणि माझ्याकडे न बघता वकिलांच्या खिडकीशी गेला.

‘वकीलसाहेब, तुम्ही ब्रेक का लावलाय?’

‘कुठे लावला? थांबण्यासाठी लावला.’

‘आत्ता नव्हे. खालपासून. चढावर. तुमचा ब्रेकलाइट सारखा जळायलाय. चढावर कोण ब्रेक लावतं हो?’

‘मी ब्रेकला हातसुद्धा लावलेला नाही,’ वकील म्हणाले.

‘हात नव्हे, पाय.’

‘पायसुद्धा नाही! काय बोलताय तुम्ही? माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. शिंदे साक्षीला आहेत.’

मी खाली उतरलो. पुढच्या चाकापाशी हात नेला आणि मागे घेतला. भट्टी होती. वास गिअरबॉक्सचा नव्हता, ब्रेकचा होता. मी त्यांच्या बाजूनं दार उघडलं आणि खाली बघितलं. पॉलिश केलेला काळा बूट, डाव्या पायाचा, ब्रेकच्या पेडलवर अलगद टेकलेला. आमच्याशी हुज्जत घालतानासुद्धा तो तिथेच होता.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘तुमचा डावा पाय बघा.’

त्यांनी बघितला. बराच वेळ बघितला. दुसऱ्या कुणाचा पाय आपल्या गाडीत आलाय, असा चेहरा.

मग सगळं उलगडत गेलं, आणि ते उलगडताना मी रागवायचं विसरलो.

जीप चालवणाऱ्या माणसाचा डावा पाय कायम क्लचवर टेकलेला असतो, पुढच्या गिअरसाठी तयार. वकिलांनी आयुष्यभर तेच केलं होतं. ही गाडी घेतल्यावर त्यांनी माझं ऐकून पाय आवरला. साध्या ऑटोमॅटिक मोडमध्ये तो गप्प बसायचा, कारण हाताला काही काम नव्हतं. पण दांडा खाचेत आला, हातानं गिअर मागायला सुरुवात केली, की पायाला वाटायचं, आपली पाळी आली. तो आपोआप पुढे यायचा. तिथे क्लच नव्हता. होतं ब्रेकचं पेडल, आणि ऑटोमॅटिकमध्ये ते चांगलं रुंद असतं. गिअर बदलताना पाय हलकेच दाबायचा, म्हणून धक्का. एरवी नुसता टेकलेला असायचा, म्हणून वास.

आणि जोर? ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबलेले दिसले की गाडीचा कॉम्प्युटर ब्रेकचं ऐकतो आणि इंजिनाचा जोर तोडतो. दोन्ही हुकूम खरे असू शकत नाहीत, मग जो सुरक्षित तो मानायचा. उरलेला जोर ब्रेकशी झगडायचा, तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल नुसतं घुसळून तापायचं. म्हणून गरम झाल्याचा कोड. पुढे एकाच गिअरमध्ये अडकायची तीही बिघडून नव्हे. तेल जळू नये म्हणून गिअरबॉक्स स्वतःला आवरून घ्यायचा. म्हणजे ज्याला मेला म्हणून लिहून दिलं होतं, तो प्रत्येक फेरीला स्वतःला आणि वकिलांना वाचवत होता. एका चुकीच्या पायाशी इतके दिवस एकटा झुंजत होता आणि तक्रारसुद्धा त्यानं स्क्रीनवरच्या एका छोट्या इशाऱ्यानं केली होती.

मी बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो.  

वकील मात्र सावरले होते. ‘हा तर्क झाला. पुरावा काय?’

‘बूट काढा,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘डाव्या पायाचा बूट आणि मोजा काढा. तो पाय डावीकडच्या पायठेप्यावर ठेवा. अनवाणी पायाला गार ठेपा लागला की तो जागा राहील. पुढं सरकला तर तुम्हालाच कळेल.’

‘माझ्या कुठल्याही पक्षकारानं हे बघितलं तर...’

‘घाटात पक्षकार कुठला, साहेब? वानरं आहेत फक्त,’ बसवराज म्हणाला. मी हसणार होतो. हसलो नाही.

ब्रेक थंड होईपर्यंत थांबलो. मग एक पाय बुटात आणि एक अनवाणी असे धारवाडचे नामवंत वकील अरबैल घाट चढायला लागले. तिसरा. दुसरा. तिसरा. गाडी चढाला अशी भिडली की मला सीटच्या पाठीत रेटल्यासारखं झालं. धक्का नाही. वास नाही. मागे बसवराज होता. त्यानं एकदाही हेडलाइट मारला नाही. घाटमाथ्यावर वकिलांनी गाडी थांबवली.

‘चढ मान्य,’ ते म्हणाले. ‘उतार बाकी आहे. आणि मागितलेला गिअर देत नाही, हा मुद्दा तुम्ही सोयीस्करपणे विसरलात.’

‘चला उतारावर.’

पुन्हा उतरायला लागलो. पुढचा रस्ता मोकळा आणि सरळ होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग बऱ्यापैकी.

‘आता दुसरा मागा,’ मी म्हणालो.

त्यांनी उणे ओढला. टुंग. आकडा तीनच.

‘बघा! नाही देत.’

‘पुन्हा मागा.’

टुंग. तीन.

‘आता ब्रेकनं थोडा वेग कमी करा. उजव्या पायानं. आता मागा.’

उणे. आकडा दोन झाला. इंजिनाचा आवाज भरला, आणि गाडी मागून कुणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखी सावकाश झाली. वकिलांनी दोन्ही पाय पेडलवरून काढले होते. समोर वळण, पलीकडे खोल दरी, तळाशी हिरवं काळं जंगल. एवढी जड गाडी, त्यात आम्ही दोघं. उतार तिला खाली खेचत होता आणि गिअरबॉक्स तिला धरून होता. ब्रेक न लावता. वळण आलं, गेलं.  गाडीत फक्त इंजिनाचं एकसुरी गुंजन होतं.

मी आयुष्यभर सौदे केले आहेत. कुठलाही माणूस कुठेतरी मोडतो. कुणी गोड बोलण्यानं, कुणी आवाज चढवल्यानं, कुणी आपण उठून चालायला लागलो की. या यंत्रापुढे ते काही चालत नव्हतं. वेग जास्त असताना दुसरा गिअर दिला असता तर इंजिन पेललं नसतं, कदाचित चाकंही घसरली असती. दांडा ओढल्यापासून टुंग होईपर्यंत पापणीही लवत नाही. तेवढ्यात त्यानं चाकांचा वेग बघितला, इंजिनाचे फेरे मोजले, तेलाची गरमी बघितली आणि नाही म्हटलं. त्यात राग नाही, ताठा नाही. वेग उतरल्यावर तोच गिअर लगेच दिला. मघाशी दोनदा मागितला होतास, असं दाखवलंसुद्धा नाही. असा नकार मला आजवर कुणी दिलेला नाही. असा होकारही नाही.

वकील हळूच म्हणाले, ‘हा माझ्यापेक्षा चांगला न्यायाधीश झाला असता.’

खाली पोचल्यावर बसवराजनं त्याच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून जुना रिपोर्ट मागे घेतला. नवीन लिहिला: गिअरबॉक्स ठीक, ब्रेक पॅड बदलावेत, गिअरबॉक्सचं तेल बदलावं. मी प्रत्येक शब्द वाचला. ‘चालकाची सवय’ असं त्यानं लिहिलं होतं. ते वकिलांनी खोडायला लावलं. त्यावर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी ‘वापराच्या पद्धतीमुळे’ यावर मिटलं. तो सौदा मी जुळवला.

ब्रेक पॅडचा खर्च कुणी करायचा, यावरून परतीच्या वाटेवर कलघटगीपर्यंत वाद झाला. पॅडचे पैसे वकिलांनी दिले, तेल मी माझ्या खर्चानं बदललं.

बसवराजशी माझं काय झालं, असं लोक विचारतात. तो मागे आला नसता तर ब्रेकलाइट कुणालाच दिसला नसता, हे मला कळतं. माझं नाव वाचलं ते त्याच्या डोळ्यांमुळे, हेही कळतं. पण न उघडता गिअरबॉक्स मेला म्हणून लिहिणं चूकच होतं, हे मी त्या दिवशीही त्याला सांगितलं आणि आजही सांगतो. तो ‘हौद्री अण्णा’, खरं आहे अण्णा, म्हणतो आणि चहा मागवतो. मी चहा पितो. त्यापुढे काही ठरलेलं नाही.

वकिलांनी गाडी ठेवली. वहिनी पुन्हा कुमठ्याला जायला लागल्या. काही दिवसांनी वकिलांनी त्यांच्या बार असोसिएशनमधल्या एका मित्राला माझ्याकडे पाठवलं. तोही जुना जीपवाला, आणि त्यालाही स्पोर्टी गाडी हवी होती. यार्डात येताच त्यानं विचारलं, ‘शिंदे तुम्हीच ना? पाटणकर म्हणाले, तिथं माल चांगला मिळतो, पण बूट काढायला लावतात.’

आता मॅन्युअल मोडची गाडी विकताना पहिल्या फेरीला मी शेजारी बसत नाही. बाहेर रस्त्यावर उभा राहतो आणि मागचे दिवे बघतो. गिऱ्हाईक हातानं काय करतं ते शेजारी बसून कळतं. पायानं काय करतं ते फक्त मागून दिसतं. गिअर समजावून सांगायला मला जेमतेम एक चहा पुरतो. डावा पाय समजवायला बूट काढायला लावावा लागतो, आणि तेवढ्यासाठी एक-दोन गिऱ्हाइकं मी गमावलीही आहेत.